खराद थांबल्यावरची धूळ

अवं, माठाखालचं चाक मी काढलं. आधी तेवढं सांगून टाकतो, म्हणजे तुझी बोलणी एकदाची खाऊन होतील. माठ आता चुलीजवळ दोन विटांवर ठेवला आहे. जरा कलतो, पण पाणी सांडत नाही. तू असतीस तर घर डोक्यावर घेतलं असतंस. "माठ हालवला? मले न विचारता?" पण विचारू कोणाला? तुझी तेरवी झाली, पंगत उठली, पाव्हणे आपापल्या वाटेनं गेले, आणि दुसऱ्या सकाळी मी सवयीनं म्हणालो, "अवं, चहा ठेव." मग लेक जागी व्हायच्या आत मीच उठलो आणि ठेवला. दूध नासलं होतं.

नावानं मी तुला कधी हाक मारली नाही. "अवं" म्हटलं की तू समजायचीस, आणि चारचौघांत "सुमनची माय" म्हटलं की भागायचं. आता जो येतो तो म्हणतो, कौसल्याबाई लय चांगल्या होत्या. क्षणभर मला कळतच नाही की हे कोणाबद्दल बोलून राह्यले. चांगली होतीस, खोटं कशाला बोलू. पण हट्टी किती होतीस ते कोणी बोलत नाही. तेरवीच्या पंगतीत कोण बोलणार म्हणा. ते काम माझ्याकडेच आलं.

आपलं घर ते केवढं! पुढं लाकूड कातायचा खराद, मागं चूल, मधे एक भिंत, तीही वरपर्यंत न गेलेली. मी इकडं पायानं चाक फिरवायचो आणि पलंगाचे पाय, लाटणी, पाळण्याचे गज कातायचो. लाकडाला पटाशी लावली की कीस पायाशी पडायचा, पण बारीक धूळ कशाची पडते? ती भिंतीवरून तुझ्या चुलीवर जायची. मोताळ्याच्या बाजारात बायकांना तू हसत सांगायचीस, "या एकदा आमच्या घरी जेवाले. वरणात सागवान वाढतो, भाकरीत शिसव." बायका हसायच्या. मी लाटण्यांच्या ढिगामागं तोंड लपवायचो.

मग माझा खोकला आला आणि तुझं हसणं थांबलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि म्हणाले की लाकडाची धूळ छातीत बसली आहे, एकतर धूळ सोडा नाहीतर काम सोडा. तू पदर सावरत विचारलंस, "काम सोडून खाव काय?" मोटारीत बसलो. राजूरचा घाट उतरताना तू खिडकीबाहेरच पाहत होतीस. घाट संपला तेव्हा तू खिडकीबाहेर पाहतच म्हणालीस, "एक सांगून ठेवते. तुमी मले मागं ठेवून जायचं नाई. आधी मी जाईन."

मी म्हटलं, "बाजाराले निघाल्यासारखं काय बोलून राह्यली?"

"बोलली तं बोलली. मले एकटीले राह्यता येत नाई."

तेव्हा मला हसू आलं होतं.

तुझ्या डोक्यात पंखा आला तो गावच्या देशमुखांमुळं. त्यांनी खामगावच्या शेतकी प्रदर्शनात उफणणीचा पंखा पाहिला होता आणि मला तसा करायला सांगितला होता. लाकडाचा डबा, आत चार पाती, बाहेर फिरवायची दांडी. वारा पडला तरी पंख्यासमोर धान सोडायचं, दाणे खाली पडतात, फोल उडून जातं. माझा पहिला पंखा जरा वाकडा झाला होता म्हणून घरीच पडून होता. तू त्यात कांदे ठेवायचीस. त्या दिवशी घाटातून घरी आलीस, कांदे जमिनीवर ओतलेस आणि म्हणालीस, "हाच लावा खरादापाशी. धूळ उडून जाइन."

आपण दोघंही खळ्यावर वाढलेलो. फोलाचं काय करायचं? उडवायचं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. पंखा खरादाच्या मागं ठेवला, तोंड दाराकडं केलं, मी सागाचा तुकडा चढवला आणि तू पदर खोचून दांडी फिरवायला लागलीस. काय वारा सुटला! धूळ जी निघाली ती दारातून सरळ गल्लीत, आणि गल्ली ओलांडून रशीदभाईच्या दारातल्या खाटेवर. खाटेवर त्यांच्या बायकोनं, बानूभाभीनं, ईदेच्या शेवया वाळत घातल्या होत्या.

"या अल्ला! भाभी, हे शेवया हाय का भुसा हाय?" तिचा आवाज अजून कानात आहे. रशीदभाई पत्र्याचं काम सोडून हातात हातोडी तशीच घेऊन आले. मी खालमानेनं उभा. तू मात्र पंख्याच्या बाजूला वाकून बसली होतीस, कारण तुझ्या पदराचं टोक डब्याच्या बाजूच्या भोकात ओढलं गेलं होतं आणि पात्यांत अडकलं होतं. मी म्हटलं, "आता पदर फाडून घे, तेवढंच राह्यलं होतं." तू पदर सोडवला, पुन्हा भोकाजवळ नेला, दांडी हळूच फिरवलीस. पदर पुन्हा आत गेला.

"अवो, इकडं पाहा," तू म्हणालीस. "हा पंखा इकून ओढते. आपल्याले धूळ उडवाची नाई. ओढाची हाय."

आपण तिघंही त्या भोकाकडं पाहत बसलो. रशीदभाईंनी हातोडी खाली ठेवली, आपल्या दाढीचा एक केस भोकाजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "भाभी, नळी मी बनवून देतो. घासलेटचे डबे हाय माझ्याजवळ." भांडायला आलेला माणूस माप घेऊन गेला. तू दुसऱ्या दिवशी बानूभाभीकडं जाऊन नव्या शेवया वळल्यास आणि येताना एक वाटीभर घेऊनही आलीस. अशी तू.

नळी पंख्याच्या भोकापासून खरादापर्यंत आली, आणि तिचे सांधे बुजवायला तू ज्वारीच्या पिठाची खळ लावलीस. मी म्हटलं, उंदीर खातील. तू म्हणालीस, उंदराले काय घरात दुसरं खाले नाई? उंदरांनी ती आठवड्यात चाटून साफ केली. मग मी लाटण्यांना लावायची लाख वितळवून सांध्यांना लावली, लाल आणि पिवळी, जी हाताशी होती ती. ती नळी अजून तशी रंगीबेरंगी आहे. खळीचा विषय मी पुढं बरीच वर्षं पुरवून वापरला, हे तुला ठाऊक आहे.

राहिली पिशवी. ओढलेली धूळ कुठंतरी साठली पाहिजे. गोणपाट बांधून पाहिलं तर समोरून गेलेली धूळ मागून धुरासारखी बाहेर. तू आत गेलीस आणि पेटीतून ते हिरवं लुगडं घेऊन आलीस, सुमनच्या बारशाचं. धुवून धुवून मऊ झालेलं, फाटलं तिथं दोन ठिकाणी दंड घालून जोडलेलं. मी म्हटलं, "हे? हे कायले?" तू म्हणालीस, "अंगावर आता टिकत नाई. पोटात धूळ तं घेइन." दुहेरी करून, बारीक टाके घालून शिवलंस आणि पंख्याच्या वारा सुटणाऱ्या तोंडाला बांधलंस. मग पाटावर बसलीस आणि दांडी फिरवलीस. लुगडं हळूहळू उठलं, फुगलं, गोल झालं. तू एवढी हसलीस की दांडी सुटली हातातून. म्हणालीस, "पाहा, पोटुशी झाली!"

त्यानंतर किती वर्षं गेली ते मोजलं नाही. माझा एक पाय खरादावर, तू भिंतीजवळ पाटावर. आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून तू ओरडून बोलायचीस, आणि गावाला आपल्या घरातलं सगळं कळायचं. कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाची सून माहेरी जाऊन बसली. मी नुसती मान हलवत "हाव, हाव" करायचो. अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही. खोकला उतरला. पिशवी भरली की तू गल्लीच्या टोकाला नेऊन झटकायचीस, भुसा डब्यात ठासून शेगडी पेटवायचीस आणि म्हणायचीस, आज शिसवाचा भात आहे, आज बाभळीचा.

आणि तुझी ती खोड! मी पटाशी ठेवायचो, पाय थांबवायचो, लाकूड उतरवायचो, आणि तू आपली दांडी फिरवतच बसायचीस. "अवं, झालं ना काम!" म्हटलं की म्हणायचीस, "खराद थांबला म्हून धूळ थांबते काय? थे वर तरंगून राह्यते. तुमी श्वास घेता तवा आत जाते." मी उठून पाय मोकळे करून आलो तरी तू बसलेलीच. हिरवी पिशवी फुगलेली. मला तेव्हा राग यायचा. चहा थांबायचा ना!

मग तुझा खांदा दुखायला लागला. तेल चोळून घ्यायचीस आणि पुन्हा दांडीला हात. म्हणून मी बाभळीचं चाक केलं, कडेला खाच पाडली. ते पंख्याला बसवून खरादाच्या मोठ्या चाकावरून चामड्याची वादी घेतली की माझ्या एका पायानं खरादही फिरेल आणि पंखाही. तुला पाटावर बसायलाच नको. मनात म्हटलं, ही खूश होईल. चाक तुझ्या हातात दिलं. तू उलटंपालटं करून पाहिलंस. "काम चांगलं झालं," म्हणालीस. "पन खराद थांबला की पंखाबी थांबन. मंग मागची धूळ?"

"मी पाय मारत राहीन की."

"तुमी? काम झाल्यावर तुमी जाग्यावर राह्यता कवा?"

एवढं बोलून तू आत गेलीस आणि चाक माठाखाली ठेवलंस. माठ काय नीट बसला त्यावर! जणू त्यासाठीच कातलं होतं. मी संक्रांतीला विषय काढला, अक्षय तृतीयेला काढला, पोळ्याला काढला. दरवेळी एकच: "मंग माठ कुठं ठेवू?" त्या चाकावरून आपण जेवढं भांडलो तेवढं सुमनच्या लग्नातल्या रुसव्याफुगव्यावरूनही भांडलो नाही. भांडण मिटलं नाहीच. तसंच अर्धवट टाकून गेलीस.

आता वाटतं की तुला त्या पाटावर बसायचंच होतं. माझ्याजवळ. चूल एकीकडं, मी एकीकडं, असं तुला नको होतं. तू तसं म्हणाली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. मला ते आवडायचं, तुझं ते भिंतीजवळ बसून ओरडणं. फार आवडायचं. हे आता सांगतो आहे, जेव्हा पाटावर कोणी नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आज काय झालं तुमाले? ताप हाय काय?"

ताप तुला आला. थंडीचे दिवस, वाटलं दोन काढ्यांत उतरेल. छातीला तुझ्या काही नव्हतं, धुळीचा कण नव्हता. नुसता ताप, आणि तो चढतच गेला. बानूभाभी उशाशी बसून होती. शेवटी शेवटी तू कोणाला ओळखत नव्हतीस, पण उजवा हात गोधडीवर फिरत होता. गोल, गोल. भाभीला वाटलं वेदना होतात. मला कळलं. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "अवं, बस झालं. खराद थांबला." तरी हात माझ्या हातात फिरतच राहिला.

आधी मी जाईन म्हणाली होतीस. घे, झालं तुझ्या मनासारखं. तुला एकटीला राहता येत नव्हतं. मला येतं, असं तुला कोणी सांगितलं होतं?

तेरवीनंतर मी खरादावर बसलो. पाय आपोआप चालतो, त्याला काय. पंख्याकडं पाहिलं नाही. तोंडाला फडकं बांधायचो तेही बांधलं नाही. धूळ सगळीकडं बसायला लागली, फडताळावर, तुझ्या पोळपाटावर, भिंतीजवळच्या तुझ्या पाटावर. हिरवी पिशवी पंख्याला लोंबत होती, चपटी. खोकला परत आला. तुझ्यापासून काय लपवायचं, मीच तो येऊ दिला. म्हटलं, येतो तर येऊ दे. असं केलं की तुझ्यामागं लवकर यायला होईल, एवढाच हिशेब होता माझा.

सुमन तेरवीपासून इथंच होती. पोर तुझ्यावर गेली आहे. पहिले काही दिवस नुसती पाहत राहिली, मग परवा माझ्यासमोर उभी राहिली, कमरेवर हात, तुझ्यासारखीच. "बाबा, माझ्या घरी मेहकरले चला."

"इथं माझं काम हाय."

"काम हाय तं पंखा काऊन लावत नाई? मायनं कायच्यासाठी हात झिजवले? तुमी इथं खोकून खोकून मरसान अन् मी तिकडं भाकर कशी खाऊ?"

"पंख्याले दुसरं मानूस लागते."

"मंग चला माझ्यासंगं. उद्या नाई, परवाच्या मोटारीनं." आणि तिनं माझं गाठोडं बांधलं सुद्धा. दोन धोतरं, सदरे, तुझी माळ. पटाश्या ठेवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, राहू दे, तिथं काय कातणार आहे. गाठोडं दाराजवळ ठेवलं तिनं. जावई चांगला आहे, घरही मोठं आहे. पण त्या घरात खराद नाही, भिंतीजवळ तुझी जागा नाही. तिथं मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं पाहीन आणि लोक म्हणतील, सुमनचे बाबा, बिचारे. त्या दिवशी भाकर ताटात तशीच ठेवून उठलो. पाणी प्यायला माठाजवळ गेलो, आणि चाकाकडं लक्ष गेलं.

काल ते काढलं. इतकी वर्षं पाणी पिऊन एका अंगानं फुगलं होतं. उन्हात ठेवलं. रशीदभाई दारातून पाहत होते, थोड्या वेळानं कुठूनशी चामड्याची वादी घेऊन आले आणि चाक बसवताना दुसऱ्या बाजूनं ताणून धरली. पंख्याची दांडी काढावी लागली. तुझ्या हातानं ती इतकी गुळगुळीत झाली होती की मी कितीही काचकागद मारला असता तरी तशी झाली नसती. तुझा पाट ओल्या फडक्यानं पुसला आणि दांडी त्यावर ठेवली.

आज मोटारीचा दिवस. सुमन सकाळीच वाटेसाठी भाकरी करायला बसली. मी खरादावर पलंगाचा पाय चढवला, तू आजारी पडलीस तेव्हा अर्धा राहिलेला. पाय मारला. जड गेलं, फार जड, एका पायानं दोन कामं. चाक फुगलेलं, त्यामुळं फेऱ्याफेऱ्याला ठक ठक करायला लागलं. तेवढी कड पटाशीनं काढता आली असती. नाही काढली. मग तुझं ते हिरवं लुगडं हललं. उठलं. दंड घातलेली जागा ताणली गेली आणि पिशवी फुगून गोल झाली.

सुमन चुलीवरून धावत आली, हाताला पीठ तसंच. पंख्याचा आवाज ऐकला होता तिनं. दारात आली आणि आधी पाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तोंडाला फडकं बांधलेलं होतं म्हणून बरं, माझं तोंड तिला दिसलं नाही. मी कातत राहिलो. पलंगाचा पाय पूर्ण झाला, काचकागद मारला, पटाशी ठेवली, लाकूड उतरवलं. खराद रिकामा झाला. आणि माझा पाय चालूच.

"बाबा, काम तं झालं," सुमन म्हणाली. "आता काऊन पाय मारून राह्यले?"

"धूळ हाय अजून वर."

तिनं वर पाहिलं. मग ती माझ्यामागून गेली, दाराजवळचं गाठोडं उचललं, आणि मला आत गाठ सोडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर माझं धोतर खुंटीवर होतं. मोटार आली तेव्हा ती एकटीच गेली. जाताना म्हणाली, "रोज चालवा. मी रशीदचाचाले विचारत राहीन."

ती गेल्यावर मी पुन्हा बसलो. कातायला काही चढवलं नव्हतं. तू म्हणायचीस की काम झाल्यावर मी जागेवर राहत नाही. आज राहिलो, बघ. धूळ केव्हाच बसली होती, अवं. पण पाय थांबवला की ते लुगडं रिकामं होतं.